'कमांड पोझिशन'ला मराठीत काय म्हणावे?

अर्धविराम: बाग आणि कामाची जागा फेंगशुईप्रमाणे कशी मांडावी, याविषयीच्या एका पुस्तिकेचा मी अनुवाद करत असून 'कमांड पोझिशन' या शब्दापाशी अडले आहे. पाठीमागे भक्कम भिंत असावी, दार नजरेच्या टप्प्यात असावे, पण आपण दाराच्या थेट रेषेत बसू नये, अशा टेबलाच्या जागेला हे नाव आहे. मी 'हुकमी जागा' लिहिले, तेव्हा पहिल्याच वाचकाने पत्त्यांचा डाव मांडला आहे काय असे विचारले, आणि शीर्षकातले 'चिनी वास्तुशास्त्र'ही खोडून टाकले.

पडवी: खोडले ते योग्यच केले. 'वास्तू' हा शब्द 'वस्', म्हणजे राहणे, या धातूपासून आला आहे. फेंगशुईचा शब्दशः अर्थ मात्र वारा आणि पाणी एवढाच आहे. शिवाय तिचा जो जुना ग्रंथ क्वो फू (इ. स. 276–324) याच्या नावावर सांगितला जातो, तो घरांविषयी नसून दफनाच्या जागांविषयी आहे. वाऱ्यावर स्वार झालेली 'ची' (जागेतून वाहते असे फेंगशुई मानते ती जीवनशक्ती) विखुरते आणि पाण्यापाशी येऊन थांबते, हे त्यातले मुख्य सूत्र. म्हणून मी सरळ 'हवापाणी' म्हणेन. 'तिथले हवापाणी मानवले नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा जागेचा माणसावर होणारा परिणामच सांगत असतो.

काना-मात्रा: 'हवापाणी' वाचून वाचक पावसाचा अंदाज शोधू लागेल. त्यातही 'हवा' अरबी आहे, तेव्हा निदान 'वारा-पाणी' तरी म्हणावे.

पडवी: मग पुस्तिकेतली 'बाग'ही काढावी लागेल, कारण ती फारसी आहे. 'उद्यान' लिहिले की चार कुंड्यांच्या गच्चीलाही उगाच प्रवेशद्वार बसवावेसे वाटते.

जुना शिरस्ता: माझी तक्रार वेगळी आहे. मराठी लेखांत फेंगशुईतील 'वू शिंग'साठी डोळे झाकून 'पंचमहाभूते' लिहितात, पण ती पाच म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. त्यांत वायूही नाही आणि आकाशही नाही. 'शिंग'मध्ये चालण्याचा अर्थ आहे, त्यामुळे ती एकातून दुसऱ्यात जाणारी पाच रूपे होत: पाण्याने लाकूड वाढते, लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती. 'पंचगती' म्हटले तर काही बिघडेल काय?

अर्धविराम: बिघडणार नाही, परंतु माझे टेबल अजून तिथेच आहे.

उंबरठा: टेबलाविषयी सांगतो. काही वर्षे मी दाराकडे पाठ करून काम केले. मागे पाऊल वाजले की खांदे आपोआप वर जात, आणि लिहीत असलेले वाक्य अर्ध्यावर तुटे. टेबल फिरवल्यावर ते थांबले. 'ची'चे काय झाले ते मला ठाऊक नाही. पाठीमागच्या आधाराला चिनी भाषेत 'खाओशान', म्हणजे टेकायचा डोंगर, असा शब्द आहे, आणि बोलण्यात त्याचा अर्थ पाठीशी उभा राहणारा वजनदार माणूस असाही होतो. आपले 'पाठबळ' हुबेहूब तेच आहे.

अर्धविराम: 'पाठबळ' मला फारच आवडले, पण त्यात भिंत येते आणि दार सुटते. 'मोक्याची जागा' कसे वाटेल?

काना-मात्रा: जमिनीच्या जाहिरातीसारखे वाटेल. 'मोका'ही अरबीच, पण आता त्याविषयी बोलायचे मी सोडले आहे.

पडवी: बागेच्या प्रकरणात काय केले आहे? पायवाट सरळ असेल तर ची सुसाट निघून जाते, म्हणून तिला वळणे द्यायची, असे सांगतात. तिथे 'रेंगाळते' न लिहिता 'मुरते' लिहावे. पाण्याशी नाते असलेल्या गोष्टीला तेच क्रियापद शोभते.

जुना शिरस्ता: 'बागेत ची मुरते आहे' असे वाचून मला तरी कुठेतरी पाणी मुरत असल्याचा संशय येईल.

अर्धविराम: मी 'ऊर्जा मुरते' लिहिले होते.

जुना शिरस्ता: ऊर्जा जूलमध्ये मोजतात. या शब्दाच्या मूळ चिनी अर्थात वाफ आणि श्वास आहेत, त्यामुळे 'ची'च ठेवावे.

काना-मात्रा: ठेवावे, पण ती स्त्रीलिंगी आहे हे कोणी ठरवले? आणि 'बागेची ची' असे छापले तर मुद्रितशोधक दुसरी 'ची' चुकून पडली म्हणून काढून टाकील.

उंबरठा: मूळ उच्चाराला 'छी' अधिक जवळ आहे.

अर्धविराम: 'बागेची छी' मी छापणार नाही.