रोज रंकाळ्यावर चालते, तरी साखर वाढली. दिवसभराच्या बसण्याचं काय करायचं?

संभाजीनगरची_ताई
नमस्कार. वय ४१, कोल्हापुरातल्या संभाजीनगरात राहते. पुण्यातल्या एका कंपनीचं काम २०२० पासून घरूनच करते. सकाळी नऊला खुर्चीत बसते ती संध्याकाळी सातला उठते. जेवायला मध्ये उठते, पण ताट घेऊन परत स्क्रीनसमोरच येते. आठवड्यातले पाच दिवस पहाटे रंकाळ्यावर ४५ मिनिटं चालते, पावसाळ्यात रेनकोट घालून. त्यामुळं आपलं बरं चाललंय असंच धरून होते. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. मी म्हटलं, मी तर रोज चालते. त्यांनी विचारलं, "आणि त्यानंतर दिवसभर?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आईला मधुमेह होता. तिच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग मी दोन वर्षं केलंय, त्यामुळं मला खरंच भीती वाटते. सकाळच्या चालण्यानं दिवसभराचं बसणं भरून निघतं का? की उभं राहून काम करायचं टेबल घेऊ? बारा हजाराला मिळतंय.

लेथवाला_उद्यमनगर
टेबलाची घाई करू नका. आमच्या वर्कशॉपात पोरं दिवसभर लेथवर उभी असतात, सुट्टी झाली की पोटऱ्या चोळत बसतात. आधी जेवणाचं ताट त्या खोलीतनं बाहेर काढा. बाकी जाणकार सांगतील.

निवृत्त_वाहक
ताई, मी डॉक्टर नव्हे. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीच गगनबावड्याच्या गाडीवर. जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतो.

माझ्याबरोबर एकच ड्रायव्हर नऊ वर्षं होते. गाडी तीच, रस्ता तोच, चहाचं हॉटेल तेच, खाकी कपडेही तेच. ते स्टेअरिंगवर बसून, आणि मी कळ्यापासून साळवणपर्यंत पुढनं मागं, मागनं पुढं. बाजारादिवशी तर माणसांतनं वाट काढत तिकिटं फाडायची, घंटीची दोरी ओढायची, टपावरचं सामान उतरलं का बघायला खाली उतरायचं, परत चढायचं. त्यांना ५२ व्या वर्षी हार्टचा झटका आला. त्यांना तंबाखू होती, मुक्कामी गाडीमुळं झोपेचं खोबरं होतं, म्हणून सगळा दोष मी बसण्यावर घालत नाही. पण आम्ही दोघं एकाच गाडीत असून असं का, हे माझ्या मनातनं गेलं नाही.

पुढं माझी मुलगी फिजिओथेरपी शिकायला लागली तेव्हा तिनं सांगितलं की लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न धरून १९५३ साली अभ्यास छापला होता. तिथल्या दोन मजली बसमधले ड्रायव्हर आणि दिवसभर जिना चढ-उतार करणारे कंडक्टर यांची तुलना. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला, आणि ज्यांना झाला त्यांना तो उशिरा झाला. मग मॉरिस यांनीच पुढं गणवेशाची मापं काढून बघितली, तर ड्रायव्हरांच्या पँटी मुळातच कमरेला मोठ्या. म्हणजे थोडा फरक नोकरीच्या आधीपासूनचा असेल, हेही त्यांनी दाखवलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. रोकड जुळली तरी आम्ही वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, परत तपासायचो, तसं त्यांनी केलं.

टेबलाचं म्हणाल तर माझ्या डाव्या पोटरीवर शिरा फुगल्यात, स्टॉकिंग घालून फिरतो. चालण्यानं काही बिघडलं नाही, पण गर्दीत एका जागी तासभर खांबाला धरून उभं राहणं अंगाला लागलं. नुसतं उभं राहून भागत नाही, पाय हलले पाहिजेत.

पाठदुखी_हुपरी
मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडं चांदी कारागीर येतात. पैंजणाचे घुंगरू जोडत आठ-दहा तास जमिनीवर, मान खाली, एक गुडघा वर. मांडी घालून बसणं वाईट नाही, जमिनीवरनं उठताना-बसताना शरीराला चांगलं कामच मिळतं. पण ते उठतच नाहीत. तुमची खुर्ची आणि त्यांचं बसकर, दोन्हीकडं दुखणं तेच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : बरंच भरून निघतं, सगळं नाही. आठवड्याला तुमची २२५ मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये १५० ते ३०० सांगितली आहेत, तेव्हा चालणं अजिबात सोडू नका. पण २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून बघितली, तेव्हा दिवसाला आठ तासांवर बसणाऱ्यांचा मृत्यूचा वाढलेला धोका रोज ६० ते ७५ मिनिटं दमदार चालण्याइतकी हालचाल असेल तरच जवळपास नाहीसा झाला. तुम्ही ४५ वर आहात, तेही पाच दिवस.

साखरेपुरतं सांगायचं तर बसलं की मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ निवांत होतात, आणि जेवणानंतर रक्तातली साखर खेचून घेणारे मुख्य तेच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०२३ मध्ये लोकांना दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं चालवलं, तर जेवणानंतरची साखर चांगलीच कमी चढली. माणसं ११ च होती, त्यामुळं त्यावरच सगळी भिस्त ठेवू नका. पण तुम्ही दर तासाला पाच मिनिटं धरली तरी दहा तासांत ५० मिनिटं जमतात. आपल्याकडं शतपावली रात्रीच्या जेवणानंतरची. तुम्हाला ती दुपारी जास्त हवी आहे.

मीटिंगमधून उठता येत नसेल तर टेबलाखाली टाचा वर-खाली करा. पोटरी आवळली की पायातलं रक्त वर ढकललं जातं. आणि कधी एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

संभाजीनगरची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून परत लिहिते. टेबल घेतलं नाही. पाण्याची बाटली खोलीतनं काढून माठ खाली अंगणात ठेवलाय, प्यायला प्रत्येक वेळी जिना उतरावा लागतो. दुपारी जेवून गल्लीतनं दहा मिनिटं चालते. सासूबाई पण येतात आता, त्यांना आधी वाटलं माझं पोट बिघडलंय. दुपारी तीनच्या सुमाराला जी गुंगी यायची ती कमी झालीये. साखर दिवाळीनंतर परत तपासायची आहे, तेव्हा आकडा इथं टाकेन, कसाही आला तरी. शनिवार-रविवारी मात्र अजून चालणं होत नाही.

काका, तुमचे ड्रायव्हर आता कसे आहेत?

निवृत्त_वाहक
बायपास झाली, तंबाखू सुटली. दर शनिवारी सकाळी सहाला रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला आम्ही दोघं असतो. या तुम्ही, सासूबाईंनाही आणा.