आईसाठी डिश चालू ठेवावी की सगळं नेटवर न्यावं?

कृष्णाकाठ (कराड)
आमच्या डिशचं वर्षाचं रिचार्ज पुढच्या महिन्यात संपतंय. धाकटा भाऊ म्हणतो, आता भरूच नका. घरात वायफाय आहे, स्मार्ट टीव्ही आहे, झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर दिसतात, मग दोन्हीकडे पैसे कशाला? हिशेबाने त्याचं बरोबरच आहे. माझा जीव अडकलाय तो आईपाशी.

आई पंचाहत्तरीची. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, वाचता येतं, पण पडद्यावर चित्रांच्या ओळी सरकायला लागल्या की ती रिमोट खाली ठेवून देते. डिशच्या रिमोटकडे तिला बघावंही लागत नाही. पाचच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो ना, तो अंगठ्याने चाचपते आणि तिथून अंदाजाने तीन आकडे दाबते. एकदाही चुकत नाही.

शिवाय तिची संध्याकाळ त्या वेळांवरच बांधलेली आहे. देवापुढे दिवा लावला की सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, मग कुकर, आणि आठला शेजारच्या काकू येतात. जाहिराती लागल्या की दोघी भाजी निवडत बोलत बसतात. खरं तर जाहिरातींतच त्यांच्या गप्पा होतात, मालिका सुरू झाली की चिडीचूप. ‘केव्हाही बघा’ म्हटल्यावर काकू आठला कशासाठी येतील? वडील गेल्यापासून आईकडे रोज येणारं माणूस तेवढंच आहे. ज्यांनी घरी असा बदल केलाय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

वरळीकर
२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडी टीव्ही. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ला त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. तेव्हा दुसरी वाहिनीच नव्हती, त्यामुळे त्या गर्दीचं मी फार कौतुक करणार नाही. पण २८ मार्च २०२० पासून, लॉकडाऊनमध्ये, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा हातात मोबाइल असलेली माझी नातवंडंसुद्धा सकाळी नऊला आंघोळ उरकून समोर बसायची. आज काय होणार हे सगळ्यांना एकदमच कळायचं, त्यातच सारी मजा. तुमच्या आईंची आठची वेळ मोडू नका.

ऊसवाला (शिरोळ)
दादा, मी दुसरी बाजू सांगतो. शेतीपंपाची लाइट आमच्याकडे पाळीने येते. रात्रीची पाळी असली की मी मोटारीवर, ऊस भिजवत. मालिका काय, बातम्यासुद्धा कधी वेळेवर मिळाल्या नाहीत. बायकोचं तर त्याहून अवघड. म्हशींच्या धारा, डेअरीला दूध, मग भाकऱ्या. आठच्या मालिकेचा आवाज तिने वर्षानुवर्षं चुलीपुढून ऐकला, चित्र बघितलंच नाही. आता दुपारी जेवणं झाल्यावर मोबाइल भिंतीला टेकवते आणि सबंध भाग बघते. मधे कोणी हाक मारली तर थांबवते. टीव्हीच्या वेळा ज्यांनी ठरवल्या त्यांनी रांधणाऱ्या बाईला कधी विचारलं होतं का? म्हणून नेटवरचं बघणं मला लाखमोलाचं वाटतं. तुमच्या आईंची गोष्ट वेगळी, त्यांना वेळ आहे आणि सोबत पाहिजे.

सेटटॉप
थोडं व्यवहाराचं. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम २०१९ मध्ये लागू झाले, तेव्हापासून वाहिन्या सुट्या निवडता येतात. मोठा पॅक घ्यायलाच पाहिजे असं नाही. आई बघतात त्या चार-पाच मराठी वाहिन्या निवडा, सह्याद्रीला वेगळे पैसे पडत नाहीत. आकडे तेच राहतील, रिमोटही तोच.

डीडी फ्री डिशचाही, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिशचाही, विचार होऊ शकतो. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. फक्त खासगी वाहिन्यांच्या जागांचा तिथे लिलाव होतो, त्यामुळे आज असलेली वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आईंची मालिका तिथे लागते का, हे आधी कोणाच्या तरी घरी बघून घ्या.

आणि नेटवर न्यायचंच झालं तर ॲपवर थेट प्रक्षेपण मिळतं का ते बघा. पण तिथे पोचायला चार-पाच बटणं दाबावी लागतात, तीन आकड्यांचं काम नाही.

कृष्णाकाठ (कराड)
सगळ्यांचे मनापासून आभार. डिश ठेवतोय, मोठा पॅक काढून पाच वाहिन्या सुट्या घेतोय. भावालाही पटलं, पैसे निम्म्याहून कमी होतात म्हणून.

ऊसवाले दादा, तुमचं वाचून काकूंच्या सूनबाई आठवल्या. त्या कामावरून नऊला येतात आणि रोज उभ्या उभ्या आईला विचारतात, ‘आज काय झालं?’ आई अख्खा भाग सांगत बसते, तोवर यांचा स्वयंपाक खोळंबतो. त्यांच्या मोबाइलवर झी फाइव्ह टाकून देतो. सेटटॉप, डिशवाल्यांच्या ग्राहकसेवेला फोन केला की दरवेळी पॅकच पुढे करतात. सुट्या वाहिन्या त्यांच्या ॲपमधूनच निवडता येतात का, तेवढं सांगा.