२००० आरपीएमनंतर डिझेल गाडी ओढत नाही

प्रश्न: टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेली डिझेल गाडी आहे. २००० आरपीएमपर्यंत ठीक, पुढे अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी जोर नाही. चढावर काळा धूर. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे. मेकॅनिक थेट टर्बो बदला म्हणतोय, मला पटत नाही.

उत्तर: कृपा करून इतक्यात टर्बो बदलू नका! काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी होज काढून वाकवून बघा. चीर बहुधा क्लिपजवळ खालच्या अंगाला असते. एरवी मिटलेली, दाब आला की उघडते. आतून थोडं तेल असणं चालतं, बाहेर तेलकट काजळी नको. वेग घेताना फुस्स आवाज येतो का?

प्रश्नकर्ता: येतो, काच खाली असली की.

आणखी एक: होज धड असतील तर ईजीआर वाल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय का पाहा. स्कॅनरवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) चढावर वाचा, उभ्या गाडीत काही कळत नाही.

प्रश्नकर्ता: इंटरकूलरच्या खालच्या होजला बोटभर चीर सापडली. नवा होज मागवलाय.