सीएसएमटीजवळ मुक्काम; परळचं टाटा, मंत्रालय आणि हायकोर्ट: लोकल, मेट्रो, बेस्टने कसं जावं?

सोलापूरहून_येतोय

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणार आहोत. मी, आई (वय ६८) आणि मामा. आईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचं आहे. ती सपाटीवर हळूहळू चालते, पण जिने झेपत नाहीत. राहायची सोय सीएसएमटीजवळ झाली आहे. टाटाला तीन-चार दिवस जावं लागेल. त्याच मुक्कामात मला मंत्रालयात मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज द्यायचा आहे आणि मामांचं हायकोर्टात वकिलांकडे काम आहे.

प्रश्न असे:
१. पहिल्या दिवशी आधी टाटाला जायचं असेल तर दादरला उतरावं की सीएसएमटीला?
२. रोज टाटाला लोकलने जाणं आईला जमेल का? गर्दीची फार भीती वाटते.
३. मंत्रालय आणि हायकोर्टासाठी नवी मेट्रो बरी की बेस्टची बस?
४. सगळीकडे चालेल असा एकच पास किंवा कार्ड आहे का?

टॅक्सी अगदीच गरज पडली तर करू.

धीमी_लोकल

आधी फाइल उघडून अपॉइंटमेंट कुठली आहे ते बघा. टाटाचं दुसरं केंद्र खारघरला आहे (अ‍ॅक्ट्रेक). बऱ्याच रुग्णांना तिथली तारीख मिळते आणि 'टाटा' म्हटल्यावर लोक सरळ परळ गाठतात. खारघर असेल तर सीएसएमटीपर्यंत यायचंच नाही. ठाण्याला उतरून पनवेल लोकल धरायची, ती खारघरला जाते. स्टेशनवरून पुढे रिक्षा.

परळच असेल, तर तुमचा मुक्काम गर्दीच्या हिशेबाने अगदी योग्य जागी आहे. सकाळी सगळी मुंबई सीएसएमटीच्या दिशेने येते आणि संध्याकाळी उलट जाते. तुम्ही सकाळी सीएसएमटीहून परळला जाणार आणि दुपारी-संध्याकाळी परतणार, म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या उलट दिशेला. सकाळी आठ-नऊला सीएसएमटीहून सुटणाऱ्या स्लो गाडीत आईंना बसायला जागा मिळते. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे धक्काबुक्कीही नाही.

लोकलचं नीट समजून घ्या:

सीएसएमटीला फलाट १ आणि २ हार्बरचे, ३ ते ७ मेन लाइनच्या लोकलचे, ८ ते १८ लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. तुम्हाला मेन लाइनची स्लो गाडी हवी. कल्याण, ठाणे, डोंबिवली, कुठलीही चालेल, फक्त इंडिकेटरवर स्लो असायला हवी. फास्ट गाडी भायखळ्यानंतर थेट दादरला थांबते, परळला नाही. नवीन माणूस हमखास इथे फसतो. हार्बरची गाडीही नको, ती सँडहर्स्ट रोडनंतर डॉकयार्ड रोड, वडाळ्याकडे वळते.

स्थानकं: मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ. साधारण १५-१८ मिनिटं. करी रोड सुटलं की उठून दाराजवळ या. गाडी परळला जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. आईंना परळ आल्यावर सीटवरून उठवायला गेलात तर उतरणं राहून जाईल.

तिकीट सेकंड क्लासचं ५ रुपये (१० किमीपर्यंत). एसी लोकलमध्ये हे तिकीट चालत नाही, तिचं भाडं वेगळं. विनातिकीट सापडलात तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. मोबाइलवर काढायचं असेल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. रुळांजवळ, फलाटावर उभं राहिलं की अ‍ॅप तिकीट देत नाही. काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा.

परळ_पूर्व

वरच्या प्रतिसादात महत्त्वाची गोष्ट राहिली. आई कॅन्सरच्या रुग्ण असतील तर त्यांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर महिला यांना त्या डब्यात परवानगी आहे. टाटाची फाइल किंवा कार्ड वरच ठेवा, तपासनीस मागतो. हा डबा जिथे येतो तिथे फलाटावर खूण असते आणि बीप-बीप आवाज येत असतो. तिथेच उभं राहायचं. पहिल्या भेटीत कार्ड नसेल तर स्थानिक डॉक्टरांचं निदानाचं पत्र जवळ ठेवा, पण त्यावर फार विसंबू नका.

जिन्यांचं खरं सांगतो. परळ स्टेशनवर पूल ओलांडल्याशिवाय टाटाच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, जाता येत नाही. सरकते जिने आहेत, पण नेमके आपल्या वेळी बंद असू शकतात. वर गेल्यावर पुलावरही चालावं लागतं. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ पुलावर ऑफिसवाल्यांची दाटी असते. लोकल रिकामी असली तरी पूल रिकामा नसतो! स्टेशनातून बाहेर आल्यावर केईएम हॉस्पिटलवरून टाटा पायी साधारण एक किलोमीटर. धडधाकट माणसाला १५ मिनिटं, आईंना २५-३० धरा. रस्त्यात फुटपाथ सलग मिळत नाही.

म्हणून माझं मत: परळ स्टेशनच्या बाहेरून टॅक्सी करा. काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये, दीड किलोमीटरपर्यंत. अंतर तेवढ्यात बसतं. जवळचं भाडं काही टॅक्सीवाले नाकारतात. दोघा-तिघांना विचारा, 'टाटा हॉस्पिटल, पेशंट आहे' एवढं सांगितलं की बहुतेक जण नेतात. या भागात ऑटो रिक्षा नाहीत, त्या सायन-माहीमच्या पलीकडे. त्यामुळे रिक्षाची वाट बघत उभे राहू नका.

आणखी एक. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद केलेला आहे. पश्चिमेकडून गाडीने टाटाला यायचं तर करी रोड किंवा दादरच्या टिळक पुलावरून वळसा पडतो आणि त्या दोन्ही पुलांवर वाहतूक तुंबते. टॅक्सी करायची तर रुळांच्या पूर्वेच्या बाजूने करा. जुनी माहिती वाचून 'प्रभादेवीला उतरून टॅक्सी' असा बेत करू नका.

फलाट_१४

पहिल्या प्रश्नाबद्दल. दादरला उतरा असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील, कारण नकाशावर दादर टाटाच्या जवळ दिसतं. लोकल बदलायची असेल तर तो सल्ला चुकीचा आहे. दादर ते परळ एकच स्टेशन, पण ती गाडी सीएसएमटीकडे जाणारी, म्हणजे सकाळी भरलेली. शिवाय बॅगा घेऊन दादरचे पूल. डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग मोजतात, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुने आकडे डोक्यात असलेल्या माणसाने सांगितलेला फलाट चुकतो.

सीएसएमटीला मात्र लांब पल्ल्याच्या फलाटावरून लोकलच्या फलाटावर जाताना एकही पायरी नाही. सगळे फलाट एका टोकाला एकाच पातळीवर मिळतात. आईंना चालवत न्या, नाहीतर व्हीलचेअर मागा. मुक्कामही तिथेच आहे, तेव्हा बॅगा टाकून, चहा घेऊन, मग हलक्या हाताने निघा. खोली मिळायला वेळ असेल तर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवता येतं. बॅगांना कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. तिकीट आणि ओळखपत्रही जवळ ठेवा.

पहिल्याच दिवशी टाटात सकाळी फार लवकर पोचायचं असेल तर दादरला उतरा, पण लोकल नको. दादर पूर्वेला बाहेर पडून थेट टॅक्सी. अडीच-तीन किलोमीटर आहे, मीटरने पन्नास-साठ रुपयांच्या आसपास होतात.

रविवारी येणार असाल तर मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या) बघून घ्या. साधारण ११ ते ४ या वेळात कुठल्या ना कुठल्या मार्गावर असतो आणि स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवल्या की मधली स्टेशनं गळतात. आदल्या दिवशीच्या पेपरात वेळापत्रक येतं.

सोलापूरहून_येतोय

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. फाइल बघितली, परळच आहे. म्हणजे सीएसएमटीला उतरायचं, स्लो लोकल, दिव्यांग डबा, परळहून टॅक्सी, असं ठरवतो. मंत्रालय आणि हायकोर्टाचं कोणी सांगेल का? टाटातून परस्पर मंत्रालयात जाता येईल का?

भुयारी_वाट

मंत्रालयाला जाण्याआधी एक काम सोलापुरातच करा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे कक्ष मे २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांत सुरू झाले आहेत. अर्ज, कागदपत्रं, पाठपुरावा तिथे होत असेल तर मुंबईतला एक अख्खा दिवस वाचेल आणि तो आईंच्या कामी येईल. निघण्याआधी तिथे चौकशी करा.

तरीही मंत्रालयात जायचं असेल तर सकाळी जाऊन उपयोग नाही. सर्वसामान्य अभ्यागतांना दुपारी २ नंतर प्रवेश असतो. डिजीप्रवेश अ‍ॅपवर आधी नोंदणी करा आणि मूळ ओळखपत्र न्या, झेरॉक्सवर काम होत नाही.

जायला मेट्रो ३ सगळ्यात सोपी. आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. सीएसएमटीहून कफ परेडच्या दिशेची गाडी: हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. मंत्रालयासाठी विधान भवनला उतरायचं, कफ परेडला नाही. मामांना हायकोर्टासाठी पहिल्याच स्टेशनला, हुतात्मा चौकला. एवढ्या अंतराला १० किंवा २० रुपये लागतात.

मेट्रोत काय अडतं ते आधीच सांगतो. मोबाइल तिकीट रस्त्यावर असतानाच काढा, खाली नेटवर्कचा भरवसा धरू नका. गेटसमोर क्यूआर उघडत नाही म्हणून अडकलेली माणसं रोज दिसतात. कागदी तिकीट खिडकीवर मिळतं. स्टेशन खोल आहे, त्यामुळे रस्त्यापासून फलाटापर्यंत पाच-सात मिनिटं सहज जातात. सगळ्या दरवाजांना लिफ्ट नाही. आई बरोबर असतील तर लिफ्टची खूण असलेला दरवाजा शोधून तिथूनच उतरा. परत वर येताना कुठल्या दरवाजाने निघायचं ते पाटीवर वाचून मगच सरकत्या जिन्यावर पाय ठेवा, नाहीतर चौकाच्या भलत्याच कोपऱ्यावर निघाल.

मामा एकटे असतील तर सीएसएमटी ते हायकोर्ट चालतच जाऊ देत. दादाभाई नवरोजी रोडने सरळ हुतात्मा चौक, साधारण १५ मिनिटं. रस्त्याच्या कडेला कमानींखालून सावलीत चालता येतं, पावसातही फारसं भिजत नाही. मेट्रोचं खाली-वर करण्यात तेवढाच वेळ जातो.

टाटातून परस्पर मंत्रालय: परळ स्टेशनवरून पादचारी पुलाने प्रभादेवीला जा (दोन्ही स्टेशनं जोडलेली आहेत), तिथून चर्चगेटची स्लो, मग चर्चगेटहून मेट्रोने एक स्टेशन किंवा सव्वा किलोमीटर चाल. तिकीट प्रभादेवी ते चर्चगेट असं काढा. परळ ते सीएसएमटीचं तिकीट त्या गाडीत चालणार नाही, मार्ग वेगळा आहे. हा रस्ता तुमच्या एकट्यासाठी. आईंना घेऊन तो पूल ओलांडू नका. त्यांना मामांबरोबर परळहून सीएसएमटीला पाठवा.

एकच कार्ड म्हणाल तर तसं अजून नाही. एनसीएमसी (अनेक शहरी वाहनांत चालणारं सरकारी प्रीपेड कार्ड) मेट्रोत आणि बेस्टमध्ये चालतं, लोकलमध्ये नाही. मुंबई वन अ‍ॅपवर लोकल, मेट्रो, बेस्ट तिन्हींची तिकिटं एका ठिकाणी काढता येतात, तेवढी सोय आहे. चार दिवसांसाठी कार्डाच्या मागे लागू नका.

बेस्ट_थांबा

बेस्टचं कोणीच लिहिलं नाही म्हणून भर. जिने मुळीच झेपत नसतील तर सीएसएमटी ते मंत्रालय बस मेट्रोपेक्षा सुखाची, कारण खाली उतरणं-चढणं नाही. स्टेशनसमोर भाटिया बागेतून १३८ नंबरची बॅकबे डेपोची बस मंत्रालयावरून जाते. चढताना कंडक्टरला 'मंत्रालय' विचारून खात्री करा, कारण अलीकडे मार्ग बदलत राहिले आहेत. चलो अ‍ॅपवर बस आत्ता कुठे आहे ते दिसतं. नुसता वेळेचा अंदाज न बघता नकाशावर बस हलते आहे का ते बघा.

भाडं मे २०२५ पासून साध्या बसला किमान १० रुपये आणि एसीला १२, पहिल्या ५ किमीला. दिवसाचा पास ७५ रुपयांचा. एसीच्या सहा लहान फेऱ्या ७२ रुपयांत होतात, म्हणजे सातव्या फेरीला पास वसूल. तुमच्या फिरण्यात तो परवडणार नाही. काही गाड्यांत आत कंडक्टर नसतो, तिकीट पहिल्या थांब्यावर खालीच देतात. सुटे पैसे हातात ठेवा.

बस घ्यायची ती सकाळी दहाच्या आधी किंवा दुपारी बारा ते चारमध्ये. संध्याकाळी पाचनंतर फोर्ट भागातून स्टेशनकडे येणारी बस सिग्नलला अडकते, दोन किलोमीटरला अर्धा तास लागू शकतो.

परळ_पूर्व

परतीचं एक सांगायचं राहिलं. टाटातूनच रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. उपचारासाठीच्या प्रवासात कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. सोबती एकच धरतात, तेव्हा फॉर्मवर कोणाचं नाव घालायचं ते ठरवून जा. फॉर्मवर डॉक्टरांची सही आणि शिक्का दोन्ही आहेत ना, ते खिडकी सोडण्याआधी तपासा. शिक्का राहिला तर आरक्षण खिडकीवरून परत पाठवतात आणि परळची फेरी पुन्हा पडते.