लहान मुलांची जीभ रोज खरवडायची की नाही?

रेवाची_आई: "जीभ रोज खरवडली नाही तर पोरांचे दात किडणारच, आणि हा निव्वळ आईबापांचा आळस." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. दात किडतात साखरेने आणि दातांवरच्या जंतूंच्या आम्लाने. त्यात जिभेचा काय संबंध? माझ्या लेकीच्या तोंडात टंग क्लीनर गेला की ओकारी, रडारड, आणि मग ब्रशलाही ओठ घट्ट मिटून बसते. मिळवलं काय?

खडूस_काका: सवय लावली तर लागते. हल्ली पोर रडलं की नियमच बदलतात! तोंडाचा वास बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागातूनच येतो. तिथले जंतू गंधकाची संयुगं सोडतात. हे तरी पटतं का?

रेवाची_आई: वास पटतो. पोस्टमध्ये कीड लिहिलं होतं, परत वाचा. आणि वासाचंही ऐका: २००६ च्या कॉक्रेन आढाव्यात (एका विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासतात तो) दोनच चाचण्या होत्या, त्याही मोठ्या माणसांवरच्या. क्लीनर ब्रशपेक्षा किंचित सरस, इतकंच.

दाढदुखी: रोज हेच काम करते म्हणून लिहिते. तान्ह्याची जीभ पांढरी दिसली म्हणून खरवडू नका. दुधाचा थर ओल्या मऊ कापडाने निघतो. निघत नसेल तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. मोठ्या मुलांना मऊ ब्रशचेच हलके हात पुरे, मागून पुढे. त्यापेक्षा फ्लोराइडची पेस्ट बघा: ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. नंतर थुंकायचं, चूळ भरायची नाही.

निशाचर: चूळ भरायची नाही?? फेस तोंडात घेऊन झोपायचं?

खडूस_काका: उद्या सांगाल, आंघोळीनंतर साबण धुऊ नका.

दाढदुखी: साबण अंगावर राहून फायदा नाही, फ्लोराइड दातांवर राहून आहे. फेस थुंका की, पाण्याने धुऊन काढू नका एवढंच.

निशाचर: आणि पोटात गेलं तर? ट्यूबवर 'गिळू नये' छापलेलं असतं, ते काय गंमत म्हणून?

दाढदुखी: म्हणूनच दाण्याएवढी! जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लाट काढली तर गिळणारच पोर.

तिघांचा_बाप: चूळ पुराण आवरा जरा. धाकट्याच्या तोंडाला कायम वास यायचा. ज्याने त्याने आम्हाला जीभ घासायचे धडे दिले, वर "लक्ष देत नाही तुम्ही" हे ऐकवलं. निघालं काय? अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेले. रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी जीभ कोरडी ठक्क. त्या आळसवाल्या पोस्टकर्त्याला हे कोणीतरी सांगा.

निशाचर: तरी चूळ न भरणं मला किळसवाणंच वाटतं.

खडूस_काका: बरं बाई, किडीचा मुद्दा सोडला, खूश? वासाचा सोडत नाही. आणि चूळ तर मी भरणारच.

रेवाची_आई: खुशाल भरा, बादलीभर भरा. धागा लहान मुलांचा आहे, काका.