घर एकाच्या नावावर, कर्ज मात्र दोघांच्या
घटस्फोटाच्या वेळी 'घर बायकोच्या नावावर करून दिलं की विषय संपला' असं कुणी कुणी म्हणतं. तिथे जरा थांबा. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही देणंघेणं नसतं. हप्ते थकले की ती दोघांच्याही मागे लागते. सहकर्जदार म्हणून नाव काढल्याचं बँकेकडून लेखी घ्या. विम्याचं नॉमिनेशनही तेव्हाच बदला, ते हमखास राहून जातं.

मुलांच्या ताब्याबद्दल नुसतं 'शनिवार-रविवार बाबांकडे' लिहून भागत नाही. आणायला-सोडायला कोण? परीक्षेच्या आठवड्यात काय? आमची भांडणं फ्लॅटवरून कमी आणि दर सोमवारी दुसऱ्या घरी राहिलेल्या गणिताच्या वहीवरून जास्त झाली. (शेवटी लेकीनेच दोन वह्या केल्या.)