देवगिरीच्या अंधारीत कोणाकोणाची तंतरली होती? (अनुभव धागा)

मुग्धा_एम :
काल बिल्डिंगची लाईट गेली. लेकीला घेऊन जिन्याने चढत होते, मोबाइल बंद पडलेला. मधल्या वळणावर तिने माझी ओढणी घट्ट धरली नि कुजबुजली, "आई, इथे कोणी आहे का गं?" आणि मी थेट सहावीच्या सहलीत!
दौलताबादचा किल्ला, म्हणजेच देवगिरी. खंदकावरचा पूल ओलांडला की पुढे डोंगराच्या पोटात कोरलेली ती अंधारी. आमच्या वेळी वाटाड्या टेंभा घेऊन पुढे असायचा. ऐन वळणावर थांबला, म्हणाला, "समजा, तुम्ही शत्रू आहात," आणि टेंभा विझवला. पन्नासेक मुली एकदम किंचाळल्या. मी बाईंच्या पदराचं टोक धरलं होतं, ते वर उजेडात आल्यावर कळलं की बाईंचा नव्हताच, भलत्याच शाळेच्या बाईंचा होता.
तुमचे देवगिरीचे किस्से येऊ द्या. भीती, फजिती, काहीही.

पावशेर_पोहे :
वटवाघळं!!! वास अजून नाकात आहे.

गडकरी_नाही_गडवेडा :
अंधारीची गंमत नुसत्या काळोखात नाही. पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या आहेत, पाय लयीत पडतच नाही. मध्येच वाट फुटते, कुठे उजेडाची तिरीप दिसते. माणूस साहजिकच उजेडाकडे वळणार, आणि वाटाडे सांगतात की तिथूनच तो खाली खंदकात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून जाळ करायचा, सगळा धूर आत. एवढं करून कोणी वर पोचलाच तर एकेकटा, खोकत, डोळे चोळत बाहेर येणार. तिथे एक म्हातारा पहारेकरी पुरला असता.
आणि हे सगळं शेवटचं हं. त्याआधी अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे तट. दरवाजे एकासमोर एक नाहीत, काटकोनात वळायचं, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक मारायला जागाच नाही. फळ्यांवर खिळे आहेतच. डोंगराचा खालचा भाग तर चहूबाजूंनी तासून इतका उभा केलाय की घोरपडीचीही नखं घसरावीत.

मुग्धा_एम :
@गडवेडा आमच्या वाटाड्याने यातलं निम्मं सांगितलं, निम्मं ओरडण्यात गेलं 😄

शिल्पा_ताई :
मी अंधारीत गेलेच नाही. बाहेरून पायऱ्या केल्यात ना आता, त्यांनी गेले. गुडघे. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

बंड्या४२० :
एवढा अभेद्य किल्ला, मग १२९६ ला खिलजीने घेतला कसा? कोणी सांगेल काय

गडकरी_नाही_गडवेडा :
@बंड्या डोंगर चढून कुठे घेतला? अल्लाउद्दीन अचानक आला, मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. यादव राजा रामदेवराव वर कोंडला गेला. धान्य म्हणून वर चढवलेली पोती उघडली तर मिठाची निघाली अशी कथा सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण वेढ्यात किल्ला पोटानेच पडतो. १६३३ ला शाहजहानच्या फौजेने घेतला तेव्हाही सुरुंगांइतकंच उपासमारीने काम केलं.

जिजाऊंच्या_गावचा :
आमच्या सिंदखेडराजाकडून जाणाऱ्या माणसाला तिथं फिरताना वेगळंच वाटतं. १६२९ मध्ये जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधवांना दरबारात बोलावून मुलांसकट मारलं ते याच दौलताबादेत. जाधव म्हणजे देवगिरीच्या यादवांचे वंशज असं आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात. म्हणजे ज्या गडावर पूर्वजांचं राज्य, तिथंच दगा. पोरं मेंढा तोफेवर बसून फोटो काढायलेत, मी आपला गप उभा. त्यांना तरी काय बोलणार.

पावशेर_पोहे :
🙏

सीए_सुलभा :
तुम्ही सगळे अंधारीतच अडकलात. जरा वर या, जनार्दनस्वामींची समाधी आहे. ते या गडाचे किल्लेदार, आणि पैठणहून लहानगे एकनाथ त्यांच्याकडे शिकायला आले. हिशेबातली एका दमडीची चूक शोधायला नाथ रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदाने टाळ्या पिटल्या, ती गोष्ट इथलीच. स्वामी म्हणाले, एका दमडीसाठी एवढा आनंद, तर हेच चित्त देवाकडे लाव.
आमच्या ऑफिसात मार्च एंडिंगला हीच गोष्ट सांगून आर्टिकलशिपच्या पोरांना थांबवून घेतात. पुढचा अर्धा भाग कोणी सांगत नाही.

मुग्धा_एम :
@सुलभा 😂😂😂

बंड्या४२० :
दमडीच्या चुकीवर टाळ्या? आमचा बॉस मेमो देतो.

हैद्राबादी_कुलकर्णी :
माझं आवडतं ठिकाण चिनी महाल. नाव ऐकून मोठा महाल शोधत गेलो, तर भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडेसे तुकडे उरलेत. ऊन तिरकं पडलं की तेवढेच चमकतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह औरंगजेबाने इथेच कैदेत ठेवला, मरेपर्यंत. आम्ही हैद्राबादचे, लहानपणापासून गोवळकोंडा बघितलेला. त्या दरवाज्यापाशी वाजवलेली टाळी वर गच्चीवर ऐकू येते. तो माणूस तिथून इथे आला आणि समोर दिवसभर काय, तर किल्ल्यातला तो उंच मनोरा, चांदमिनार. असो. आमच्या हिने तिथे पंधरा मिनिटं फक्त सेल्फी काढले.

शिल्पा_ताई :
आले. तर मी काय म्हणत होते, चांदमिनाराच्या आत सोडतात का हो? आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं.

औरंगाबादकर :
नाही सोडत. खालूनच बघा. पण समोरचं भारतमाता मंदिर चुकवू नका. मूळ मशीद, खिलजींच्या काळातली, त्यात देवळांचे खांब वापरलेले, आणि मूर्ती १९४८ नंतर बसवलेली. खांबांवरची नक्षी जवळ जाऊन बघा, एकासारखा दुसरा नाही. एवढा इतिहास एका अंगणात, आणि लोक तिथे डबा उघडून बसतात.

पावशेर_पोहे :
डबा उघडला की माकडं. आमची अख्खी मेथीच्या पराठ्यांची थप्पी गेली. वर लोणच्याची बाटली उघडता येईना म्हणून एक माकड आईकडे बघत बसलं.

गडकरी_नाही_गडवेडा :
वटवाघळांवरून आठवलं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला होता, तुघलकाने १३२७ ला दिल्लीहून राजधानी हलवली त्यानंतरच्या काळात. त्याने लिहिलंय की इथल्या कैदखान्यात मांजरांपेक्षा मोठे उंदीर होते आणि मांजरं त्यांना घाबरून पळायची. वटवाघळांवर भागलं म्हणायचं आपलं.

मुग्धा_एम :
ईईई. लेकीला मे महिन्यात न्यायचं ठरवत होते, आता हे तिला सांगायचं नाही.

औरंगाबादकर :
ताई मे मध्ये?? दगड तापतो, वरच्या बारादरी महालापर्यंत जाईस्तोवर जीव जातो. दिवाळीच्या आसपास या. पायथ्याला टोपल्या घेऊन बायका बसतात, दौलताबादचं सीताफळ खा. आणि परत जाताना शहरात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. तुघलकाच्या फौजेबरोबर आलेला पदार्थ म्हणतात. राजधानी गेली परत, रस्सा राहिला.

सीए_सुलभा :
शाकाहारी लोकांनी काय करायचं?

औरंगाबादकर :
सीताफळ दोन जास्त घ्या.

शिल्पा_ताई :
सीताफळाची रबडी कोणी करतं का घरी? बिया काढायची सोपी युक्ती सांगा, माझं मिक्सरमध्ये सगळं कडू होतं.

पावशेर_पोहे :
ताई मिक्सर नको, गर चाळणीवर हाताने फिरवा. दूध गार झाल्यावरच घाला, नाहीतर फाटतं.